कर्णबधिर तरुणांना कर्णबधिर मुलांचे शिक्षक म्हणून घडवताना

जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका निवासी कर्णबधिर विद्यालयाच्या मुख्याध्यापिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: त्यांच्या शाळेतून दहावी होऊन पुढे बारावी उत्तीर्ण झालेल्या तीन मुली आणि एक मुलगा सुट्टीत शाळेत येतात, लहान वर्गांत रमतात आणि आम्हालाही कर्णबधिर मुलांसाठीच काम करायचे आहे असे सांगतात. पालकांचा कल शिवणकाम किंवा आयटीआयकडे आहे. या मुलांना पूर्ण शिक्षक होता येईल का, कोणते प्रशिक्षण घ्यावे, शाळेने आधीपासून काय तयारी करून घ्यावी, आणि ज्याला स्वतःला ऐकू येत नाही त्याने बोलायला शिकणाऱ्या मुलांना शिकवावे का, अशी शंका काही शिक्षकांना आहे, तिचे काय करावे.

होय, त्यांना पूर्ण शिक्षक होता येईल. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ ने सांकेतिक भाषा व ब्रेल यांत पात्र असलेले शिक्षक, आणि त्यांत दिव्यांग शिक्षकही, प्रशिक्षित करून नेमण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातही, अनुच्छेद २४ मध्ये, हीच तरतूद आहे. तेव्हा प्रश्न परवानगीचा राहिलेला नाही, तो तयारीचा आहे. विशेष शिक्षक घडवण्याच्या कामात, कर्णबधिर सहकाऱ्यांच्या सोबतीने, मी बरीच वर्षे घालवली आहेत आणि माझे ठाम मत असे आहे की या तरुणांच्या वाटेत दोन अडचणी उभ्या राहतात आणि त्यांतली एकही कानाची नाही. पहिली अडचण लेखी मराठीची. दुसरी अशी की, जी भाषा त्यांच्या हातांत लहानपणापासून आहे, तिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला त्यांना कोणी कधी शिकवलेलेच नसते. दोन्ही गोष्टी शिकवता येतात, आणि दोन्हींची सुरुवात पदविकेच्या वर्गात नव्हे, तर आपल्यासारख्या शाळेत व्हायला हवी.

आधी शिक्षकांच्या शंकेविषयी, कारण ती मनात राहिली तर पुढची सगळी योजना अर्धवट मनाने राबवली जाईल. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. खेड्यातल्या अशा घरात मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत घरगुती खाणाखुणांपलीकडे कोणतीही संपूर्ण भाषा त्याच्या वाट्याला येत नाही, आणि भाषा सहजपणे रुजण्याचा काळ नेमका तोच असतो. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे श्रवण उपकरण) मिळाले तरी त्यातून भाषा उमगायला वेळ लागतो आणि प्रत्येक मुलाला सारखा लाभ होत नाही. त्या काळात मुलाला डोळ्यांनी पूर्णपणे दिसणारी भाषा मिळाली, तर विचार करणे, प्रश्न विचारणे, उद्याविषयी बोलणे, खोटे-खरे ओळखणे या साऱ्या गोष्टी थांबून राहत नाहीत. ही भाषा सर्वांत सहजपणे कोण देऊ शकतो, तर जो ती दिवसभर जगतो तो. वाचा उपचार आणि श्रवण प्रशिक्षण हे वेगळ्या तज्ज्ञाचे काम आहे आणि कर्णबधिर शिक्षक त्याची जागा मागत नाही. दोन्ही कामे एकाच शाळेत शेजारी-शेजारी चालू शकतात, फक्त कोणते काम कोणाचे हे आधीच लिहून ठरवलेले असावे.

ही कल्पना नवीन नाही. पॅरिसच्या शाळेत शिकलेले आणि तिथेच शिकवू लागलेले लोराँ क्लेर्क हे कर्णबधिर शिक्षक १८१६ मध्ये अमेरिकेला गेले आणि १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे उघडलेल्या शाळेचे पहिले आधारस्तंभ ठरले. त्यांचे विद्यार्थी पुढे इतर राज्यांत शिक्षक झाले, आणि १८७० च्या सुमारास अमेरिकेतील कर्णबधिरांच्या शाळांमधले सुमारे ४० टक्के शिक्षक स्वतः कर्णबधिर होते. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या परिषदेने, जिच्या प्रतिनिधींत कर्णबधिर जवळजवळ नव्हतेच, शाळांतून सांकेतिक भाषा काढून टाकून केवळ वाचिक पद्धत, म्हणजे ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायला शिकवण्याची पद्धत, ठेवावी असा ठराव केला, आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत ते प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास घसरले. मुंबईत आपल्या देशातली पहिली कर्णबधिर शाळा निघाली ती त्याच दशकात, त्यामुळे आपल्याकडच्या शाळांवर त्या विचाराची छाया सुरुवातीपासूनच पडलेली आहे. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव जाहीरपणे नाकारले. एवढा इतिहास शाळेतल्या शिक्षकांना सांगावा, कारण त्यांची शंका वैयक्तिक आकसातून आलेली नसते. ज्या प्रशिक्षणातून ते स्वतः घडले, त्यातून ती आलेली असते.

आता अभ्यासक्रमांविषयी. इथे पालक आणि शाळा दोघांचाही गोंधळ होतो. भारतीय सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका बारावी उत्तीर्ण कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठीच आखलेली आहे, तिला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे आणि ती सांकेतिक भाषेतूनच शिकवली जाते. दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र, जे २०१५ मध्ये स्थापन झाले, आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या दोन्ही ठिकाणी ती चालते. मात्र ही पदविका माणसाला सांकेतिक भाषेचा शिक्षक करते. पालकांना, दुभाषी होऊ इच्छिणाऱ्यांना, विशेष शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना आणि शाळेतल्या मुलांना ही भाषा शिकवण्याचे काम तिच्या आधारावर करता येते. गणित, परिसर अभ्यास, मराठी असे विषय वर्गशिक्षक म्हणून शिकवायचे असतील, तर श्रवणदोष या शाखेतील विशेष शिक्षणाची पदविका म्हणजे डी.एड., किंवा पदवीनंतर विशेष शिक्षणाचे बी.एड., आणि त्यानंतर पुनर्वसन परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नोंदणी, हा मार्ग घ्यावा लागतो. पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ नुसार नोंदणीशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. प्रवेशाचे नियम आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता परिषदेची त्या वर्षाची सूचना स्वतः वाचावी.

आपल्या तीन मुलींसाठी मी पुढील क्रम सुचवेन. आधी सांकेतिक भाषेची पदविका घ्यावी आणि त्याच काळात मुक्त विद्यापीठातून पदवीचे शिक्षण सुरू करता येते का ते पाहावे. पदविकेनंतर एखाद-दोन वर्षे शाळेत प्रत्यक्ष काम करावे आणि मग विशेष शिक्षणाच्या बी.एड.कडे जावे. वेळ जास्त लागतो हे खरे, पण या क्रमाचा फायदा असा की, पहिली दोन वर्षे त्या आपल्या भाषेत, आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांबरोबर शिकतात आणि अभ्यास म्हणजे काय असतो हे त्यांना प्रथमच पूर्णपणे, कोणाच्या ओठांकडे बघून अंदाज न बांधता, कळते. थेट ऐकू येणाऱ्यांच्या डी.एड. महाविद्यालयात गेलेले हुशार विद्यार्थीही पहिल्या सहामाहीत खचलेले मी पाहिले आहेत, आणि त्यात बुद्धीचा काहीही संबंध नव्हता.

लेखी मराठीविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. राज्य मंडळाच्या सवलतींमुळे आपली अनेक मुले एकच भाषा घेऊन दहावी होतात. ही सवलत न्याय्य आहे. पण सवलतीचा परिणाम म्हणून शाळाही भाषेच्या तासाला फळ्यावरची उत्तरे उतरवून घेण्यावर समाधान मानू लागल्या, आणि त्याची किंमत नेमकी शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलांना मोजावी लागते. बारावी झालेली, तल्लख मुलगी ‘मी शाळा गेलो’, ‘आई भात खाल्ली’, ‘दादा पुस्तक ताई दिला’ असे लिहिते. हे वाचून अनेकांना वाटते की तिला समजत नाही. तिला सगळे समजलेले असते. जे ऐकू येत नाही ते उच्चारातही अगदी क्षीण असते, म्हणजे विभक्तीचे प्रत्यय, सामान्यरूप आणि क्रियापदाची टोके, आणि मराठीचे निम्मे व्याकरण तिथेच बसलेले आहे. ऐकणाऱ्या मुलाला ‘घर’चे ‘घरात’, ‘घराला’, ‘घरून’ होणे शिकवावे लागत नाही. कर्णबधिर मुलाला ते नियम म्हणून, डोळ्यांना दिसेल असे शिकवावे लागते.

आणि इथेच कर्णबधिर शिक्षकाचे सामर्थ्य दिसते. ‘ताईने दादाला पुस्तक दिले’ हे वाक्य घ्या. सांकेतिक भाषेत ताई डावीकडे ठेवली, दादा उजवीकडे ठेवला, की ‘देणे’ या खुणेचा हात डावीकडून उजवीकडे जातो. कोणी दिले आणि कोणाला दिले हे हाताच्या दिशेतच आले, त्यासाठी वेगळी खूण लागत नाही. मराठी तीच माहिती ‘ने’ आणि ‘ला’ यांच्यावर सोपवते. ज्या शिक्षिकेला दोन्ही बाजू माहीत आहेत, ती मुलांना अवकाशातली दिशा दाखवून लगेच कागदावरच्या प्रत्ययाखाली रंगीत रेघ ओढते, आणि अनेक वर्षे पाठ करूनही न उमगलेली गोष्ट मुलांच्या चेहऱ्यावर उमगलेली दिसते. पुढे ‘ताईने पुस्तके दिली’, ‘ताईने आंबा दिला’ यांत क्रियापद ताईकडे न पाहता वस्तूकडे का पाहते, हेही अशाच दृश्य पद्धतीने दाखवता येते. ऐकू येणाऱ्या मराठी शिक्षकाला हा नियम सहसा जाणवतच नाही, कारण तो त्याच्या कानात आहे. कर्णबधिर शिक्षिकेने तो कष्टाने मिळवलेला असतो, म्हणून तिला त्याची एकूण एक पायरी आठवते.

म्हणून शाळेला माझी पहिली विनंती अशी की, ज्या मुलांमध्ये शिकवण्याची ओढ दिसते त्यांच्यासाठी आठवीपासूनच रोज एक तास लेखी मराठीचा वेगळा ठेवावा. त्या तासात धडा नको. मुलाने आधी सांकेतिक भाषेत घडलेली एखादी गोष्ट सांगावी, ती मोबाइलवर चित्रित करावी, मग तीच गोष्ट त्याने मराठीत लिहावी, आणि शिक्षकाने लाल शाईने सगळे खोडण्याऐवजी त्या दिवशी एकाच प्रकारच्या चुकीवर काम करावे. या आठवड्यात फक्त ‘ला’ आणि ‘ने’, पुढच्या आठवड्यात फक्त भूतकाळ. वर्तमानपत्रातली छोटी बातमी, औषधाच्या पाकिटावरची सूचना, बँकेचा अर्ज, शासनाचे परिपत्रक असे खरे कागद वाचायला द्यावेत. पदविकेच्या आणि बी.एड.च्या परीक्षांमध्ये लेखी उत्तरे लिहावी लागतात, पाठ टाचण लिहावे लागते, पुढे पालकांना चिठ्ठी आणि कार्यालयाला अहवाल लिहावा लागतो. त्यासाठीचे मराठी अठराव्या वर्षी एका वर्षात येत नाही.

दुसरी अडचण स्वतःच्या भाषेकडे पाहण्याची. उत्तम खुणा करता येणे आणि ती भाषा शिकवता येणे यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे उत्तम मराठी बोलणे आणि मराठीचे शिक्षक असणे यांत आहे. वसतिगृहात वाढलेल्या मुलांची सांकेतिक भाषा प्रवाही असते, पण तुमच्या भाषेत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी का येते, होय-नाही उत्तराच्या प्रश्नात भुवया वर का जातात, नकार देताना मान कोणत्या क्षणी हलते, काळ दाखवणारी खूण वाक्याच्या आरंभी का ठेवता, असे विचारले तर ती गोंधळून जातात. या भाषेला व्याकरण आहे, हे ऐकूनच पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते. त्यांच्या आसपासच्या मोठ्या माणसांनी तिला बहुतेक वेळा हातवारे म्हणूनच वागवलेले असते. जगात सांकेतिक भाषांचा भाषाशास्त्रीय अभ्यास १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांच्या कामापासून नीट सुरू झाला, आणि भारतीय सांकेतिक भाषेचा पहिला शोध घेणाऱ्यांमध्ये मदन वसिष्ठ हे स्वतः कर्णबधिर असलेले अभ्यासक होते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. हिमाचलातल्या एका गावातून आलेला, लहानपणी ऐकणे गेलेला मुलगा पुढे अमेरिकेत कर्णबधिरांसाठी असलेल्या गॅलॉडेट विद्यापीठात प्राध्यापक झाला, हे कळल्यावर वर्गातली मुले ताठ बसतात.

शाळेत याची सुरुवात साध्या गोष्टींनी करता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने २०२१ पासून दहावीच्या स्तरावर भारतीय सांकेतिक भाषा हा भाषाविषय उपलब्ध केला आहे. त्याचे साहित्य आपल्या मुलांनी परीक्षा न देताही अभ्यासावे. दिल्लीच्या केंद्राचा शब्दकोश २०२१ पर्यंत १०,००० शब्दांपर्यंत पोहोचला होता आणि त्याच्या चित्रफिती खुल्या आहेत. त्यातल्या खुणा आणि आपल्या वसतिगृहातल्या खुणा यांची तुलना करून वही करायला मोठ्या मुलांना सांगावे. एक सावधगिरी मात्र हवी. शब्दकोशातली खूण बरोबर आणि गावाकडची खूण चूक, असा निवाडा मुलांच्या मनात तयार होऊ देऊ नये. शिक्षकाला दोन्ही यायला हव्यात, कारण लहान मूल त्याच्याकडे गावाकडचीच खूण घेऊन येणार आहे. मराठी वाचनासाठी देवनागरी अक्षरांची बोटलिपीही, म्हणजे एकेक अक्षर बोटांनी दाखवण्याची पद्धत, पक्की करून घ्यावी. बहुतेक मुलांना इंग्रजी अक्षरेच येतात, आणि मग मराठी शब्द दाखवताना ती अडखळतात.

वर्गातले कसब हा या प्रशिक्षणाचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे, कारण त्यात विद्यार्थी गुरूच्या जागी असतात. कर्णबधिर मूल एकाच वेळी पुस्तकाकडे आणि शिक्षकाच्या हातांकडे पाहू शकत नाही. ऐकू येणारा शिक्षक सवयीने चित्रावर बोट ठेवतो आणि त्याच क्षणी समजावू लागतो, मुलाची नजर चित्रावर असते, हातांनी सांगितलेले वाया जाते, आणि मग मूल लक्ष देत नाही असा शेरा मिळतो. कर्णबधिर प्रौढ व्यक्ती हे कधीच करत नाही. ती आधी चित्र पाहू देते, मुलाची नजर वर येईपर्यंत थांबते, मग खूण करते, पुन्हा चित्राकडे नेते. कधी पानावरच किंवा मुलाच्या अंगावर हलकेच खूण करून दोन्ही गोष्टी एका दृष्टिक्षेपात आणते. नवा शब्द देताना फळ्यावरचा शब्द, बोटलिपी, खूण आणि पुन्हा शब्द अशी साखळी करते. मुले अर्धवर्तुळात बसवणे, खिडकीकडे पाठ करून उभे न राहणे, फळ्याकडे तोंड करून काही न सांगणे, एक मूल बोलत असताना बाकीच्यांच्या नजरा त्याच्याकडे वळेपर्यंत थांबवणे, हे सारे तिच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु तिला विचारले की तू हे का केलेस, तर ती म्हणते, असेच करतात. प्रशिक्षकाचे काम असे की तिच्या सराव पाठाची चित्रफीत तिच्यासमोर थांबवून-थांबवून दाखवावी, ती कुठे थांबली, कुठे मुलाची नजर सुटली, कुठे दोन मिनिटे वाया गेली, हे तिच्याकडूनच काढून घ्यावे आणि त्याला नाव द्यावे. नाव मिळाले की ते कसब जाणीवपूर्वक वापरता येते, आणि सहकाऱ्यांना शिकवताही येते.

याच्या जोडीला पोटतिडकीने सांगावी लागणारी एक गोष्ट आहे. कर्णबधिर असणे म्हणजे आपोआप चांगला शिक्षक असणे नव्हे. मुलांवर चिडणारे, आवडत्या दोघा-तिघांकडेच पाहून शिकवणारे, आपल्याला जमले म्हणून सर्वांना जमलेच पाहिजे असे मानणारे कर्णबधिर प्रशिक्षणार्थी असतात, आणि त्यांना सहानुभूतीपोटी उत्तीर्ण करणे हा लहान मुलांवर अन्याय आहे. अपेक्षा पूर्ण ठेवाव्यात, मार्ग सुलभ करावा. पाठ टाचण आधी सांकेतिक भाषेत चित्रित करू द्यावे आणि नंतर लेखी मागावे, तोंडी परीक्षा सांकेतिक भाषेत घ्यावी, लेखी परीक्षेत नियमानुसार जादा वेळ द्यावा. पण विषयाचे ज्ञान, मुलांच्या वाढीचे शास्त्र आणि मूल्यमापन यांत सूट देऊ नये.

विशेष शिक्षणाच्या महाविद्यालयात पाठवताना एकट्या विद्यार्थिनीला पाठवू नका. निदान दोघी तरी एका वर्गात असाव्यात. ऐकणाऱ्यांच्या वर्गात एकटी कर्णबधिर मुलगी दिवसभर दुभाष्याकडे पाहत बसते आणि मधल्या सुट्टीत तिच्याशी बोलणारे कोणी नसते. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे की पात्र दुभाषी मिळेल का, त्याचे मानधन कोण देणार, आणि व्याख्यानाची टिपणे आधी मिळतील का. एकच दुभाषी पाच तास काम करू शकत नाही. अर्ध्या तासाच्या आसपास त्याची अचूकता घसरू लागते, म्हणून दोघे आलटून-पालटून असावेत. जिथे हे शक्य नाही, तिथे ध्वनिमुद्रणाऐवजी टंकलिखित मजकूर आणि छोट्या गटातली आठवड्याची चर्चा एवढी तरी सोय मागावी. ऐकू येणाऱ्या सहविद्यार्थ्यांना सांकेतिक भाषा शिकवण्याचे काम या मुलींकडे दिले, तर तेही तयारीतच जमा होते. मात्र त्याचे तास आणि मान अधिकृत असावा.

श्रवणविज्ञानाच्या भागात प्रशिक्षणार्थी बिचकतात, आणि त्यांना त्यातून सवलत द्यावीशी वाटते. ती देऊ नये. ऑडिओग्राम म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख वाचता येणे, ६० किंवा ७० डेसिबल म्हणजे प्रत्यक्षात काय ऐकू येत नाही हे समजणे, श्रवणयंत्राचा साचा कानात नीट बसला आहे का ते पाहणे, टेस्टरने बॅटरी तपासणे, इम्प्लांटचा बाहेरचा भाग सुटला असेल तर ओळखणे, हे सर्व त्यांना येते आणि यायलाच हवे. यंत्रातून आवाज स्पष्ट येतो का, याची रोजची ऐकून करायची तपासणी मात्र ऐकणाऱ्या सहकाऱ्याने करावी, आणि शाळेने तसे वेळापत्रकात लिहावे.

पालकांशी काम हे कर्णबधिर शिक्षकाचे सर्वांत प्रभावी क्षेत्र ठरू शकते, पण ते नाजूक आहे. निदान नुकतेच झालेल्या आईला पहिला प्रश्न असतो, माझे मूल बोलेल का. त्या घरात प्रथमच एक कमावती, आत्मविश्वासाने वावरणारी कर्णबधिर तरुणी आली की आईच्या डोळ्यांसमोर मुलाचे वीस वर्षांनंतरचे रूप उभे राहते. हे काम कोणत्याही समुपदेशकाच्या व्याख्यानाने होत नाही. अमेरिकेतील युटा राज्यात प्रशिक्षित कर्णबधिर प्रौढांना घरोघरी पाठवण्याचा प्रयोग अनेक वर्षांपूर्वीच झाला आहे. तरीही प्रशिक्षणात दोन मर्यादा ठामपणे शिकवाव्यात. बोलण्याविषयी कोणतेही आश्वासन देऊ नये, आणि श्रवणयंत्र किंवा इम्प्लांट यांच्या विरुद्ध प्रचार करू नये. आईला आजच्या आज उपयोगी पडतील अशा खुणा द्याव्यात, जेवण, पाणी, दुखतंय, आजी, उद्या, नको, आणि मुलाच्या नजरेला नजर मिळवून गोष्ट कशी सांगायची ते करून दाखवावे. सुरुवातीच्या भेटींत सोबत दुभाषी किंवा ऐकणारी सहशिक्षिका असावी, पण बोलणे कर्णबधिर शिक्षिकेशीच चालले पाहिजे. आई सोबतच्या बाईकडे पाहून विचारू लागली, तर त्या बाईने नजर पुन्हा शिक्षिकेकडे वळवावी.

निवासी शाळांच्या संदर्भात मुलांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण मी अनिवार्य मानते. वसतिगृहातल्या मुलावर अत्याचार झाला, तर ते मूल ज्याला आपल्या भाषेत सांगू शकेल असा मोठा माणूस बहुतेक वेळा कर्णबधिर शिक्षक किंवा काळजीवाहकच असतो. पॉक्सो अधिनियम, २०१२ (बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा) याच्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि जबाब नोंदवताना दुभाषी किंवा विशेष शिक्षकाचे साहाय्य घेण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. प्रशिक्षणार्थीला हे माहीत असावे. मुलाकडून पुन्हा-पुन्हा वदवून घेऊ नये, उत्तर सुचवणाऱ्या खुणा करू नयेत, स्वतः तपास करू नये आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवून त्यावरच थांबू नये, याचा सराव प्रसंग घेऊन करून घ्यावा.

नोकरीविषयी स्पष्ट बोलले तर पालकांचा विरोध मावळतो. त्यांना सांगावे की २०१६ च्या कायद्यानुसार शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का कर्णबधिर व ऐकण्यास कमी असलेल्यांसाठी आहे, आणि त्यासाठी दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) आधीच काढून ठेवावे. त्याच वेळी, ज्या पदाची जाहिरात आहे ते पद कर्णबधिरांसाठी निश्चित केलेले आहे का, आणि अनुदानित शाळेच्या मंजूर आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, ते बसते का, हेही पाहावे. आपल्या शाळेत त्यांना सामावून घेताना ‘मदतनीस’ म्हणून घेऊ नका. पदविका झालेली मुलगी मुलांना सांभाळते, पाणी देते आणि शिक्षक आजारी असले की वर्ग बसवते, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी दिसते, आणि दोन वर्षांत तिचे शिक्षण विरून जाते. तिच्या नावाचा तास वेळापत्रकात असावा, प्रगतिपत्रकावर तिची सही असावी, शिक्षकांच्या बैठकीत दुभाषी असावा. पहिले वर्ष ऐकू येणाऱ्या अनुभवी शिक्षिकेबरोबर जोडीने वर्ग घ्यावा आणि पाठाचे नियोजन दोघींनी मिळून करावे. मुलांसमोर एक बोलते आणि दुसरी तिचे फक्त भाषांतर करते, असे होऊ देऊ नये.

आपल्या चौथ्या विद्यार्थ्याविषयी, म्हणजे त्या मुलाविषयी, आपण लिहिले आहे की तो अभ्यासात मागे आहे, पण लहान मुले त्याला सोडत नाहीत आणि त्याचा चित्रकलेत हात चांगला आहे. त्याला बळेच बी.एड.च्या वाटेवर ढकलू नये. कलाशिक्षक पदविका घेऊन अनेक कर्णबधिर तरुण विशेष शाळांत चांगले चित्रकला शिक्षक झाले आहेत. वसतिगृहाचा काळजीवाहक म्हणूनही असा तरुण फार मोलाचा ठरतो, कारण संध्याकाळी सहा ते रात्री नऊ या वेळेत मुले जेवढी भाषा शिकतात, तेवढी दिवसाच्या वर्गात शिकत नाहीत. पाठ्यपुस्तकांच्या सांकेतिक भाषेतील चित्रफिती तयार करण्याचे कामही आता वाढत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि दिल्लीचे केंद्र यांच्यात २०२० मध्ये तसा करार झाला, आणि डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या केंद्र सरकारच्या शैक्षणिक उपक्रमाची ३१ क्रमांकाची दूरचित्रवाणी वाहिनी सांकेतिक भाषेसाठी सुरू आहे. मराठी पाठ्यपुस्तकांसाठी असे साहित्य अजून फार थोडे आहे. त्याला या सुट्टीत दुसरीच्या मराठी पुस्तकातली एक गोष्ट सांकेतिक भाषेत सांगून चित्रित करायला द्या आणि ती पहिली-दुसरीच्या मुलांना दाखवा. मुले कुठे हसतात, कुठे विचारतात आणि कुठे नजर दुसरीकडे नेतात, हे त्याने स्वतः टिपून ठेवावे. ती टिपणे आणि चित्रफीत पाहिल्यावर त्याच्यासाठी यांतली कोणती वाट धरावी, हे आपल्याला आणि त्याच्या पालकांना बरोबर बसून ठरवता येईल.